साडेसोळा मिलिमीटरचा करार

मॉडेल रेल्वे क्लब म्हणजे लहान प्रमाणातल्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या माणसांची स्थानिक संस्था. तिची वर्गणी असते, कार्यकारिणी असते, आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली असते. भाड्याच्या सभागृहात, चर्चच्या मागच्या खोलीत किंवा जुन्या गोदामात एक मांडणी उभी असते आणि ती वर्षानुवर्षे अपुरीच असते. अशा संस्थांपैकी जगातली सर्वांत जुनी समजली जाणारी लंडनची ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ ही संस्था डिसेंबर 1910 मध्ये स्थापन झाली. किंग्ज क्रॉस स्थानकापासून जवळच ‘कीन हाउस’ ही तिची इमारत आहे. ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेत अशी मंडळे छोट्या गावांतही सापडतात.

प्रौढ माणसे तिथे का जातात, या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात. त्यांना बालपण सोडवत नाही, हे पहिले. घरात एवढी मोठी मांडणी मावत नाही, म्हणून चारजण मिळून जागा घेतात, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही उथळ आहेत. माणूस या छंदाकडे का वळतो, एवढेच ती सांगतात. तो क्लबात का टिकतो, हे त्यांतून कळत नाही. क्लबातले आपलेपण समान आवडीतून येत नाही. दुसऱ्याने घातलेल्या रुळांवर आपले इंजिन सोडावे लागते आणि आपण घातलेल्या रुळांवर दुसऱ्याचे इंजिन घसरले तर त्याचा जाब द्यावा लागतो, या परस्परावलंबनातून ते येते. त्यासाठी आधी मापाचा करार लागतो, मग कामाचा आणि शेवटी वेळेचा.

स्मरणरंजन आणि जागा: दोन अपुरी उत्तरे

स्मरणरंजनाला क्लबाची गरज नसते. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने 1891 च्या लाइपझिग जत्रेत सुटे सुटे रूळ विकत घेऊन वाढवत नेता येईल अशी खेळण्यातली रेल्वे मांडली. ब्रिटनमध्ये हॉर्नबीच्या गाड्या 1920 पासून मिळू लागल्या. म्हणजे बालपण खोक्यात भरून विकायची सोय शंभर वर्षांहून जुनी आहे. ते खोके एकट्याने, दार लावून उघडता येते. शिवाय क्लबांतली कामे पाहिली तर आठवणींचा सिद्धान्त आणखी लंगडा पडतो. लंडनच्या क्लबाची ‘कोपनहेगन फील्ड्स’ ही प्रसिद्ध मांडणी 1980 च्या दशकात सुरू झाली. दोन महायुद्धांमधल्या काळातला किंग्ज क्रॉसच्या उत्तरेचा परिसर तीत फुटाला 2 मिलिमीटर या प्रमाणात उभा केला आहे. मागच्या रांगांतली घरे मुद्दाम आणखी लहान केली आहेत, म्हणजे खोली असल्याचा भास होतो. तिच्यावर आज काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो काळ पाहिलेलाच नाही. न पाहिलेल्या गोष्टीची आठवण येत नाही. तिचा अभ्यास करावा लागतो.

जागेचे उत्तर अधिक व्यवहारी दिसते. भारतीय रेल्वेचा एक डबा सुमारे 24 मीटर लांब असतो. 1:87 या सर्वाधिक प्रचलित प्रमाणात, म्हणजे एचओमध्ये, 24 डब्यांची गाडी नुसती फलाटाला उभी करायची तर इंजिन न धरताही साडेसहा मीटरांहून अधिक सरळ जागा लागते. मुंबई-पुणे हे 192 किलोमीटरचे अंतर त्याच प्रमाणात 2.2 किलोमीटर होते. शहरातल्या घरात हे अशक्य आहे, हे खरेच. पण क्लबाच्या सभागृहातही ते अशक्यच असते. तिथेही चार स्थानके गाळावी लागतात, घाट आटोपता घ्यावा लागतो, गाडी आठ डब्यांवर आणावी लागते. आणि प्रश्न निव्वळ जागेचा असता, तर क्लब पार्किंगच्या भाड्यासारखा चालला असता: ज्याचा त्याचा कोपरा, ज्याची त्याची फळी. प्रत्यक्षात सभासद दहा-दहा वर्षे अशा मांडणीवर राबतात जिच्यातला एक रूळही घरी नेता येत नाही आणि जिच्यावर कोणा एकाचे नाव नसते.

पहिली पायरी: माप

दोन माणसांची इंजिने एकाच रुळांवर धावायची तर आधी आकडे जुळावे लागतात. रुळांमधले अंतर हा त्यांतला एकच आकडा. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर, चाकाच्या उंच कडेची जाडी, सांध्यात त्या कडेला जाण्यासाठी सोडलेली फट, डबे जोडणाऱ्या कपलिंगची उंची, वळणाची किमान त्रिज्या आणि बोगद्याच्या कमानीतली मोकळी जागा, या साऱ्यांचा मेळ बसावा लागतो. ब्रिटिश ओओ प्रकारात चाकांमधले आतले अंतर सर्रास 14.5 मिलिमीटर धरतात. त्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी सरळ रुळावर काही बिघडत नाही. गाडी सांध्यावर आली की चूक उघड होते.

अमेरिकेत 1930 च्या दशकात एका उत्पादकाची चाके दुसऱ्याच्या रुळांवर नीट चालत नसत. यातून 1935 मध्ये मिल्वॉकी इथे ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ ही संस्था निघाली. तिची मानके खाचा पाडलेल्या एका चपट्या धातूच्या पट्टीत उतरलेली आहेत. ती पट्टी रुळांवर किंवा चाकांवर धरली की माप बरोबर की चूक ते लगेच कळते, वाद उरत नाही. युरोपात असेच काम ‘मोरोप’ या महासंघाने केले. छंदाचा इतिहास लिहिणारे इंजिनांच्या सुबकतेवर पानेच्या पाने खर्च करतात आणि या पट्टीला एका ओळीत उरकतात. प्राधान्यक्रम उलटा हवा होता. त्या पट्टीमुळे अनोळखी माणसाने अनोळखी गावात बनवलेला डबा आपल्या गाडीला जोडता येऊ लागला.

करार मात्र नेहमी सत्याशी जुळतोच असे नाही. ओओचेच उदाहरण घ्यावे. 1920 च्या दशकात ब्रिटिश इंजिनांच्या लहान अंगात त्या काळच्या मोटारी मावेनात. म्हणून इंजिने आणि डबे फुटाला 4 मिलिमीटर या थोड्या मोठ्या प्रमाणात बनवायचे ठरले, पण रूळ मात्र साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणातले, साडेसोळा मिलिमीटर रुंदीचेच ठेवले. परिणामी 4 फूट साडेआठ इंचांचा ब्रिटिश लोहमार्ग ओओमध्ये जेमतेम 4 फूट दीड इंचांचा भरतो. ज्याला हे खुपते तो 18.2 मिलिमीटरच्या ईएमकडे जातो. ज्याला तेही खुपते तो 18.83 मिलिमीटरच्या पी-फोरकडे, आणि मग प्रत्येक इंजिनाची चाके स्वतः बदलत बसतो. क्लबाची नवी मांडणी कोणत्या गेजवर करायची, हा प्रश्न सभेपुढे आला की संध्याकाळ लांबते. अचूकतेचा आग्रह धरला तर ज्यांच्याकडे दुकानातून आणलेली तयार इंजिने आहेत ते बाहेर पडतात. सोय पाहिली तर सर्वांत कसबी सभासद नाराज होतो. कोणाला सामावून घ्यायचे याचा निर्णय इथे मिलिमीटरमध्ये होतो. बहुतेक क्लब साडेसोळावर येऊन थांबतात. हे चुकीचे माप आहे हे सर्वांना ठाऊक असूनही ते मान्य करतात, आणि यात काही कमीपणा मानण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी: दुसऱ्याच्या रुळांवर आपले इंजिन

माप ठरले की काम वाटता येते. याचे सर्वांत स्वच्छ रूप तुकड्यांच्या पद्धतीत दिसते. अमेरिकेत 1970 च्या दशकात ‘एनट्रॅक’ आणि जर्मनीत 1981 मध्ये ‘फ्रेमो’ या मंडळींनी मांडणीचे तुकडे केले. प्रत्येकाने आपला तुकडा घरी बनवायचा. आत काय असावे, डोंगर की साखर कारखाना की नुसते कुरण, हे ज्याचे त्याने ठरवायचे. फक्त दोन टोकांना रूळ ठरल्या जागी, ठरल्या उंचीवर यायला हवेत आणि विजेची जोडणी ठरल्याप्रमाणे हवी. संमेलनाच्या दिवशी मोठ्या सभागृहात हे तुकडे बोल्टने जोडले जातात आणि एरवी एकमेकांना न भेटणाऱ्या माणसांची कामे मिळून एक लांबलचक मार्ग तयार होतो.

स्वातंत्र्य आणि शिस्त यांची इतकी नेमकी वाटणी फार थोड्या संस्थांना जमली असेल. आतल्या भागात कोणी ढवळाढवळ करायची नाही, टोकाला कोणी सवलत मागायची नाही. टोक एक मिलिमीटर खाली गेले तर तुकड्यावरचे देऊळ कितीही देखणे असले तरी गाडी तिथे उडते, आणि उडालेली गाडी बहुधा दुसऱ्याची असते. तो रागावत नाही. टेबलाखाली वाकून पाचरीची फळी सरकवतो. क्लबातली ओळख बरीचशी अशीच, वाकलेल्या अवस्थेत होते. कोणाचे सोल्डरिंग टिकते, कोण वायरींवर चिठ्ठ्या लावतो, कोणाने घातलेला सांधा हमखास अडकतो, हे सर्वांना माहीत असते. माणसाचा व्यवसाय किंवा घरची परिस्थिती मात्र वर्षानुवर्षे माहीत नसते. बाहेरच्याला हे कोरडे वाटते. वास्तविक, ज्याच्या कामावर भरवसा ठेवता येतो त्याच्याविषयी बरेच काही कळलेले असते.

यात कंटाळवाणे कामही भरपूर असते. रुळांवर काजळी आणि धूळ बसते, वीज चाकांपर्यंत पोचत नाही, इंजिन धक्के खात चालते. म्हणून रूळ पुसावे लागतात, पुन्हा पुन्हा. प्रदर्शनात वाहवा डोंगराला मिळते, रूळ पुसणाऱ्याला नाही. पण आत ज्याला मान असतो तो बहुधा कुरकुर न करता फडके हातात घेणाराच असतो.

तिसरी पायरी: घड्याळ

गाड्या नुसत्या गोल फिरवणे आणि रेल्वे चालवणे यांत फरक आहे. अनेक क्लबांत ठरावीक दिवशी वेळापत्रकानुसार गाड्या चालवल्या जातात. एकजण नियंत्रक होतो, काहीजण स्थानकमास्तर, बाकीचे चालक. भिंतीवर वेगवान घड्याळ असते. खऱ्या एका तासात त्याचे चार किंवा सहा तास होतात, कारण अंतरे आक्रसलेली असल्यामुळे खऱ्या वेळेत गाडी फार लवकर पोचते. मालडब्यांना चिठ्ठ्या असतात: हा डबा कोळशाच्या वखारीत सोडायचा, तो रिकामा परत आणायचा. एकेरी मार्गावर समोरून प्रवासी गाडी येणार असेल तर मालगाडीने बाजूच्या रुळावर थांबून राहायचे.

या थांबण्यात क्लबाचे सार सापडते. हौसेने आलेला माणूस स्वतःचे आवडते इंजिन घेऊन बाजूला उभा असतो, हातात गाडी चालवायचे नियंत्रण-बटण, आणि दुसऱ्याची गाडी जाईपर्यंत काही करत नाही. एकट्याच्या मांडणीवर ही वेळ कधी येत नाही, कारण तिथे दुसरी इच्छाच नसते. खऱ्या रेल्वेची नक्कल डब्यांच्या रंगात करता येते, तशी या वाट पाहण्यातही करता येते. दुसरी नक्कल अधिक खरी, कारण रेल्वे मुळात एकाच रुळावर अनेकांनी क्रमाने जाण्याची व्यवस्था आहे.

टेबलाच्या दोन बाजू

वरच्या विवेचनाला बळकटी देणारे उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिळते. तिथला ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ 1946-47 च्या सुमारास सुरू झाला आणि युद्धकाळात तात्पुरती म्हणून बांधलेल्या ‘बिल्डिंग 20’ मध्ये अनेक दशके नांदला. स्टीव्हन लेव्ही यांच्या 1984 च्या ‘हॅकर्स’ या पुस्तकामुळे तो संगणकाच्या इतिहासात अजरामर झाला. क्लबात दोन तट होते. एकाला टेबलावरची गाडी, तिचा रंग, तिचा इतिहास यांत रस होता. दुसऱ्याला, म्हणजे ‘सिग्नल्स अँड पॉवर’ उपसमितीला, टेबलाखालच्या वायरींत. टेलिफोन यंत्रणेतले रिले आणि स्विच वापरून या मुलांनी गाड्यांचे नियंत्रण बांधले, आणि त्यांच्यातले बरेचजण पुढे संस्थेच्या सुरुवातीच्या संगणकांवर जाऊन बसले. 1962 च्या ‘स्पेसवॉर’ या संगणकी खेळाच्या घडणीत या क्लबाच्या सभासदांचा मोठा वाटा होता.

ही गोष्ट सहसा ‘खेळण्यातून क्रांती’ अशा थाटात सांगितली जाते. तिच्यातला खरा धागा वेगळा आहे. वायरींत रमलेल्यांना गाड्यांचे फारसे कौतुक नव्हते आणि गाड्यांत रमलेल्यांना रिलेचे. म्हणजे आवड समान नव्हतीच. तरी दोन्ही तट एका क्लबाचे राहिले, कारण एकाशिवाय दुसऱ्याचे काम निरर्थक होते. लेव्ही सांगतात त्याप्रमाणे, मांडणीवर 40 तास काम केलेल्यालाच खोलीची किल्ली मिळत असे. आपलेपण तिथे भावनेत न मोजता तासांत मोजले जाई.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की या छंदातली श्रेष्ठ कामे एकट्यांची आहेत. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथे जॉन ॲलन यांनी घरात उभारलेली ‘गोरी अँड डिफीटेड’ ही मांडणी आजही आदर्श मानली जाते. गायक रॉड स्टुअर्ट यांनी वीसहून अधिक वर्षे खपून केलेली अमेरिकन शहराची मांडणी 2019 मध्ये जगापुढे आली आणि जाणकारही थक्क झाले. एकहाती कामात जी एकसंध दृष्टी असते ती समितीच्या कामात क्वचित येते, हे मान्यच करायला हवे. पण इथे प्रश्न कलेच्या उंचीचा नाही, सभासदत्वाच्या स्वरूपाचा आहे. आणि ॲलन यांची गोष्टही पुरती एकट्याची नव्हतीच. त्यांची मांडणी चालवायला मित्रांचा नेहमीचा ताफा लागे. जानेवारी 1973 मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच आगीत मांडणीही गेली.

दुसरा आक्षेप तंत्राचा. पूर्वी रुळांचे विजेचे वेगवेगळे भाग पाडावे लागत; एका भागात एकच गाडी, आणि ती पुढच्या भागात सोडताना शेजारच्या चालकाला हाक मारावी लागे. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेले डिजिटल नियंत्रणाचे मानक 1990 च्या दशकात आले. त्यात प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो आणि एकाच रुळावर कितीही इंजिने स्वतंत्रपणे चालवता येतात. हाक मारण्याची गरज संपली, मग क्लबाचीही संपली नाही का? विजेपुरती संपली. पण दोन गाड्या समोरासमोर आल्या तर धडक अजून होते. पूर्वी विजेचे भाग जे सांगत ते आता वेळापत्रकाला सांगावे लागते. उलट नव्या पद्धतीमुळे एकाच वेळी अधिक चालक हाताळता येऊ लागले आणि नियंत्रकाचे काम वाढले.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: हे क्लब वयस्क पुरुषांचे बंदिस्त अड्डे आहेत. यात अतिशयोक्ती फारशी नाही. कामातून मिळणारे आपलेपण कामाची भाषा आधीपासून येणाऱ्यांना लवकर मिळते, आणि नवख्या मुलीच्या हातातले सोल्डरिंगचे यंत्र मदतीच्या नावाखाली काढून घेणारे आजोबा प्रत्येक क्लबात असू शकतात. कराराची व्यवस्था या दोषावर आपोआप उपाय करत नाही. ती एक दार मात्र उघडे ठेवते. जपानमधून आलेल्या ‘टी-ट्रॅक’ पद्धतीत तुकडा टेबलावर मावणारा असतो, तयार रुळांचा, आणि शाळकरी मूलही तो बनवू शकते. टोके जुळली तर तुकडा कोणी बनवला हे मापपट्टी विचारत नाही. ते दार वापरायचे की नाही हे क्लबाच्या स्वभावावर राहते आणि अनेक क्लब ते वापरत नाहीत.

एक चौथा आक्षेपही असतो, की या सगळ्याचा उपयोग काय. त्याला उत्तर देत बसण्याऐवजी एक घटना नोंदवणे पुरे. मे 2019 मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅमफर्ड इथे मार्केट डीपिंगच्या स्थानिक क्लबाने प्रदर्शन मांडले होते. आदल्या रात्री काही मुलांनी शाळेच्या सभागृहात घुसून मांडण्यांची मोडतोड केली. क्लबाने 500 पौंडांसाठी आवाहन केले. एक लाखाहून अधिक जमा झाले, त्यांत रॉड स्टुअर्ट यांचे दहा हजार होते. देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या गाड्या कधी पाहिल्याही नसतील.

ब्रॉडगेजचा प्रश्न

महाराष्ट्रात लघुरेल्वेचे सर्वांत ठळक नाव पुण्यातले आहे. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय 1998 मध्ये लोकांसाठी खुले झाले. तिथे गाड्या, सिग्नल, दिवे आणि शहर एकाच नियंत्रणाखाली चालते, आणि प्रेक्षक गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यापुढे उभे राहावेत तसे थांबून पाहतात. कसबाची कमतरता इथे नाही. फरक असा की संग्रहालयात माणूस पाहायला जातो आणि क्लबात चुकायला.

भारतात क्लबाची परंपरा रुजली नाही त्याला पैसा आणि आयात ही कारणे आहेतच, पण आणखी एक आहे आणि ते मापाचे आहे. जगभर मिळणारे एचओचे साडेसोळा मिलिमीटरचे रूळ 1435 मिलिमीटरच्या प्रमाण गेजसाठी आहेत. भारतीय ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, म्हणजे 1:87 मध्ये 19.26. तयार रुळांवर भारतीय इंजिन ठेवले की मार्ग जवळजवळ एक-सप्तमांशाने अरुंद पडतो. ओओच्या ब्रिटिशांना जी टोचणी आहे तिच्याहूनही ही थोडी मोठी. माथेरानची 610 मिलिमीटरची गाडी त्याच प्रमाणात 7 मिलिमीटरच्या रुळांवर हवी. तसे रूळ दुकानात नसल्यामुळे 9 मिलिमीटरच्या रुळांवर काम भागवावे लागते.

एकट्या हौशी माणसाला हा प्रश्न सोडवता येतो. तो घरी 19.26 मिलिमीटरचे रूळ हाताने घालू शकतो आणि त्याचे इंजिन फक्त त्याच्याच घरी धावेल. किंवा तो साडेसोळावर समाधान मानेल आणि कोणाला विचारणार नाही. पण तीन-चारजण एकत्र आले, आपापले तुकडे जोडायचे म्हणाले, की प्रश्न त्यांच्यातल्या कोणाच्याही एकट्याच्या हातात राहत नाही. गेज कोणते, तुकड्याच्या टोकाची उंची किती, कपलिंग कोणते, हे लिहून ठेवावे लागते. 24 मीटरचा डबा 1:87 मध्ये 276 मिलिमीटरचा होतो आणि आवळ वळणावर त्याची टोके बाहेर झुकून शेजारच्या रुळावरच्या डब्याला घासतात. त्यामुळे बोरघाटाची वळणे दाखवू पाहणारा एक सभासद आणि पूर्ण लांबीची एक्स्प्रेस चालवू पाहणारा दुसरा, यांच्यात किमान त्रिज्या किती ठेवायची हा वाद पहिल्याच बैठकीत होईल.